दारूचा किमान दर आणि समितीची तपासणी : स्कॉटलंडच्या संसदेकडून काय घेण्यासारखं आहे?

मोजपट्टी

स्कॉटलंडमध्ये १ मे २०१८ पासून दारूला किमान दर लागू आहे. सुरुवातीला एका युनिटला ५० पेन्स होता, ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स आहे. (तिकडे एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल.) दरवाढीची बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. दर वाढण्याआधी त्यांच्या संसदेत काय झालं, त्यावर इथे बोलावं असं वाटतं.

मूळ कायदा २०१२ चा. मंजूर करतानाच त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या. पाच वर्षांनी सरकारने परिणामांचा अहवाल संसदेपुढे ठेवायचा, आणि त्यात आरोग्य व सुव्यवस्थेवर, वेगवेगळ्या वयाच्या, उत्पन्नाच्या आणि कमी-जास्त पिणाऱ्या लोकांवर, तसंच दुकानदार-उत्पादकांवर काय परिणाम झाला ते सांगायचं. दुसरी गोष्ट, सहा वर्षं भरली की तरतूद आपोआप संपणार. चालू ठेवायची तर संसदेचा नव्याने होकार लागणार. हा त्यांचा सनसेट क्लॉज. विरोधातल्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाने पाठिंब्याच्या बदल्यात तो मागून घेतला होता.

माझं मत असं की दारूबद्दलचं कुठलंही धोरण, मग ती बंदी असो, कर असो की दुकानांचे परवाने, तपासणीची तारीख आणि मोजमाप कायद्यातच लिहिल्याशिवाय आणू नये. आधी मोजलं नसेल तर नंतर कितीही जाणकारांची समिती बसवा, तिच्यापुढे येतात ती फक्त मतं.

जाणकारांना विचारायचंय ते असं : अशा वेळी समितीच्या हातात खरोखर काय असतं? आणि महाराष्ट्रात जून २०२५ मध्ये १८० मिलीच्या बाटलीला जे किमान किरकोळ दर ठरले, त्यांना अशी तपासणी कशी लावता येईल?

भोरचा_वकील

आधी तिकडचा क्रम सांगतो, कारण ‘समितीने मंजुरी दिली’ एवढ्याने काहीच कळत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला सरकारने दोन मसुदे ठेवले. एक तरतूद चालू ठेवण्याचा आदेश, दुसरा दर ५० वरून ६५ करण्याचा. दोन्ही ‘आधी मंजुरी, मग अंमल’ या प्रकारचे. असा मसुदा दोन समित्यांकडे जातो. पहिली आपल्याकडच्या उपविधान समितीसारखी. मूळ कायद्याने मंत्र्याला दिलेल्या अधिकारात हे बसतं का, भाषा संदिग्ध नाही ना, एवढंच ती बघते. धोरण बरं की वाईट यात ती पडत नाही. दुसरी विषयाची समिती, इथे आरोग्य, सामाजिक सेवा व क्रीडा समिती. मसुदा ठेवल्यापासून ४० दिवसांत तिने अहवाल द्यायचा. आधी मंत्री आणि अधिकाऱ्यांना प्रश्न, मग मंत्र्याच्या ठरावावर जास्तीत जास्त दीड तास चर्चा, मग मतदान. ठराव मंत्री मांडतो, पण समितीत त्याला मत नसतं.

अडचण पुढेच आहे. समितीला मसुद्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. ६५ ऐवजी ७० करा, किंवा दरवर्षी महागाईनुसार वाढवा, असं ती अहवालात म्हणू शकते, आदेशात घालू शकत नाही. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर सगळं नाकारा. त्यामुळे ठरावाच्या दिवशी समितीचा जोर फारसा चालत नाही. जोर लावायचा तो त्याआधी, लेखी मतं मागवताना आणि तज्ज्ञांच्या साक्षी घेताना. दोन वेगळे आदेश ठेवले हे मात्र चांगलं झालं. ज्याला किमान दर हवा पण वाढ नको, त्याला वेगवेगळं मत देण्याची सोय होती.

पूर्ण सभागृहाचं मतदान १७ एप्रिल २०२४ ला झालं, ८८ विरुद्ध २८. तरतूद ३० एप्रिलला संपत होती. म्हणजे नकार आला असता तर दुकानदारांना तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळाले असते. सनसेट क्लॉज लिहिताना हे अंतर किमान सहा महिन्यांचं ठेवायला हवं, एवढं तरी यातून शिकावं.

साखरपुडा_चुकला

दीड तासात चर्चा आणि मतदान! सोसायटीच्या सभेत एवढ्या वेळात मागच्या सभेचं इतिवृत्तसुद्धा मंजूर होत नाही.

रानजाई

@मोजपट्टी, पण दारूमुळे होणारे मृत्यू तिकडे वाढलेच ना? मग समितीने ‘यशस्वी’ कशाच्या जोरावर मानलं?

सांख्यिक

रानजाई, समितीपुढचा सगळ्यात कठीण प्रश्न हाच होता, म्हणून सविस्तर लिहितो.

केवळ दारूमुळे झालेले मृत्यू (यकृताचा अल्कोहोलजन्य आजार, व्यसनाधीनता, विषबाधा वगैरे) स्कॉटलंडमध्ये असे नोंदले गेले : २०१८ मध्ये १,१३६, २०१९ मध्ये १,०२०, २०२० मध्ये १,१९०, २०२१ मध्ये १,२४५, २०२२ मध्ये १,२७६, २०२३ मध्ये १,२७७. आधी उतार, मग चढ. नुसते हे आकडे ठेवले तर कुणीही म्हणेल, धोरण फसलं.

पण विचारायचं असतं ते हे की किमान दर नसता तर आकडा किती झाला असता. त्यासाठी अभ्यासकांनी शेजारचा इंग्लंड तुलनेला घेतला. तिथे किमान दर नव्हता, पण कोविड, टाळेबंदी आणि महागाई साधारण तीच होती. २०२० मध्ये दारूचे मृत्यू तिथेही झपाट्याने वाढले. दोन्ही देशांच्या आधीच्या अनेक वर्षांच्या मासिक नोंदी घेऊन, १ मे २०१८ ला स्कॉटलंडची रेषा इंग्लंडच्या मानाने किती खाली सरकली ते काढलं. डिसेंबर २०२० पर्यंतच्या ३२ महिन्यांचं उत्तर आलं मृत्यूंत १३.४ टक्के घट. ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांच्या मध्ये असतो ती) ८.३ ते १८.४ टक्के. वर्षाला साधारण १५६ मृत्यू टळले असा अंदाज. रुग्णालयातल्या भरतीत ४.१ टक्के घट, पण तिची विश्वासमर्यादा शून्याच्या थोडी पलीकडे जाते, म्हणून ती तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

आणखी दोन गोष्टी समितीच्या कागदांत होत्या आणि त्या वगळून बोलणं चुकीचं होईल. घट मुख्यतः दीर्घकालीन आजारांत आहे. एकाच बैठकीत अति पिऊन होणाऱ्या तीव्र घटनांत घट दिसली नाही, उलट थोडी वाढ असण्याची शक्यता आहे, तीही अनिश्चित. आणि गुन्हे, रस्ते अपघात यांत ठोस बदल आढळला नाही.

‘टळलेले मृत्यू’ हा मोजलेला आकडा नसतो, काढलेला असतो. चांगली समिती दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवायला लावते आणि मंत्र्याने फक्त सोयीचा वाचला तर हटकते.

गोदाकाठ

सांख्यिक यांचा आदर ठेवून तीन हरकती.

एक, मूल्यमापन करणारी पब्लिक हेल्थ स्कॉटलंड ही आरोग्य व्यवस्थेचीच संस्था. धोरण आरोग्य खात्याचं, मोजणी आरोग्य खात्याच्या घरची. दोन, कोविडने शेवटचे दहा महिने गढूळ करून टाकले आहेत. पब बंद झाले की लोक दुकानातून घेणार, आणि किमान दराचा चटका दुकानातच बसतो. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : ज्यांच्यासाठी हे केलं त्या व्यसनाधीन लोकांचं पिणं कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. उलट पैसे पुरावेत म्हणून काहींनी खाण्यावरचा खर्च कमी केला, उसनवारी वाढवली. हे त्यांच्याच अहवालात आहे. गरीब व्यसनी माणसाचं जेवण कमी करून मध्यम पिणाऱ्याचं यकृत वाचवायचं, हा हिशेब मला पटत नाही.

सांख्यिक

@गोदाकाठ, पहिली हरकत थोडीच लागू होते. अहवालात एकूण ४० शोधनिबंधांचा आढावा आहे. त्यातले बरेचसे विद्यापीठांचे, आणि मृत्यूंचा मुख्य अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात समीक्षा होऊन छापलेला. मूल्यमापनाची चौकटही दर लागू होण्याआधीच ठरवून जाहीर केली होती. निकाल पाहून मोजपट्टी बदलायला जागा राहिली नाही.

दुसरी हरकत विचारात घेतली गेली. कोविडपूर्व महिन्यांपुरतं गणित वेगळं करूनही बघितलं, दिशा तीच राहिली.

तिसरी पूर्ण मान्य. किंमत हा व्यसनमुक्तीचा उपचार नव्हे. इथे इंग्लंडचं उदाहरण घ्या. त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या लोकलेखा समितीने २०२३ मध्ये उपचारसेवा तपासल्या, तेव्हा असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोक उपचारात नाहीत. किंमत आणि उपचार वेगवेगळ्या समित्यांनी वेगवेगळ्या वर्षी तपासले की तुमची तिसरी हरकत दोन्हींच्या मधून निसटते. एकाच सुनावणीत दोन्ही घ्यायला हवेत.

दुकानहिशेब

गणित कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सूत्र सोपं आहे : दर × लिटर × छापील टक्के.

व्होडका ७०० मिली, ३७.५ टक्के : ०.७ × ३७.५ = २६.२५ युनिट. ५० पेन्सने १३ पौंड १३ पेन्स, ६५ ने १७ पौंड ६ पेन्स.
व्हाइट सायडर (सफरचंदाची स्वस्त दारू) ३ लिटर, ७.५ टक्के : २२.५ युनिट. ११.२५ पौंड, आता १४.६३.
वाइन ७५० मिली, १२.५ टक्के : ९.३७५ युनिट. ४.६९, आता ६.०९.
बिअर ४४० मिलीचे चार कॅन, ५ टक्के : ८.८ युनिट. ४.४०, आता ५.७२.

सायडरची ओळ पुन्हा बघा. तीन लिटरची ही बाटली २०१८ आधी चार पौंडांच्या आत मिळायची. किंमत एका दिवसात तिप्पट झाली आणि मोठ्या बाटल्या फळीवरून जवळपास गेल्याच. स्कॉच व्हिस्कीच्या चांगल्या ब्रँडला किंवा पबमधल्या ग्लासाला काहीच फरक पडला नाही, कारण त्यांच्या किमती आधीच दराच्या वर होत्या. या धोरणाचं सगळं वजन एका अरुंद पट्ट्यावर पडतं, स्वस्त आणि कडक मालावर.

चुका कुठे होतात तेही बघा. दारूसोबत जेवणाचा डबा जोडून एकत्र किंमत लावली तरी ती दारूच्या किमान दराखाली जाता कामा नये. कूपन किंवा सवलत लावून बिल खाली आलं तर तो भंगच. एकावर एक मोफतच्या योजना तर १ ऑक्टोबर २०११ पासूनच दुकानांत बंद आहेत. पळवाट आहे ती ऑनलाइन मागणीत : माल इंग्लंडच्या गोदामातून निघाला तर स्कॉटिश परवान्याची अट लागू होत नाही. तपासणी स्थानिक परिषदेचे परवाना अधिकारी करतात, आणि भंग केला तर थेट परवान्यावर येतं, त्यामुळे दुकानदार काळजी घेतात.

निवांत_पारवा

वाचनखूण साठवली. दुकानहिशेब, एक शंका : वाढलेले पैसे सरकारला मिळतात का?

दुकानहिशेब

नाही. हा कर नाही. वाढीव पैसा दुकानदार आणि उत्पादक यांच्याकडेच राहतो, वरचा व्हॅट सोडला तर. म्हणून तो मोठ्या दुकानांकडून आरोग्य-अधिभार म्हणून परत घ्यावा ही मागणी समितीपुढे पुन्हा पुन्हा आली. मला ती रास्त वाटते. आणि तो पैसा थेट उपचारांना लावला तर गोदाकाठ यांच्या तिसऱ्या हरकतीला थोडंफार उत्तर मिळेल.

भोरचा_वकील

निवांत_पारवा, कर का नाही लावला याचं कारण घटनात्मक आहे. मद्यावरचा उत्पादन शुल्काचा अधिकार लंडनच्या संसदेकडे, परवान्याच्या अटींचा अधिकार एडिनबराकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेकडे. जो हातात होता तो वापरला.

त्यावरूनच खटला झाला. स्कॉच व्हिस्की असोसिएशनचं म्हणणं असं की हा मालाच्या मुक्त व्यापाराला अडथळा आहे आणि कराने तेच साधता आलं असतं. २३ डिसेंबर २०१५ ला युरोपीय न्यायालयाने कसोटी सांगितली, आणि १५ नोव्हेंबर २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने किमान दर वैध ठरवला. मुद्दा हा होता की कर सगळ्याच मालावर पडतो, किमान दर नेमक्या स्वस्त-कडक मालावर. निकालात सनसेट क्लॉजलाही बरंच वजन दिलं गेलं : धोरण प्रयोगाच्या स्वरूपाचं आहे, ते तपासलं जाणार आहे, आणि उपयोग झाला नाही तर संपणार आहे. पाच वर्षं खटल्यात गेली, पण तपासणीची तरतूद नसती तर खटला जिंकणं आणखी कठीण झालं असतं. धागाकर्त्याच्या मताला हा माझ्या मते सगळ्यात भक्कम आधार.

चिमूरच्या_वाटेवर

आता आपल्याकडे या.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने उठवली. मध्ये रमानाथ झा समिती बसली, पण ती प्रशासकीय. विधिमंडळाच्या समितीने साक्षी घेतल्या, दोन्ही बाजूंचे आकडे मागवले, अहवाल पटलावर आला आणि त्यावर मतदान झालं, असं काही झालं नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात १९७५ पासून. तीन लागून असलेले जिल्हे, तीन वेगवेगळ्या कालावधींची बंदी, आणि त्यातल्या एकात ती येते आणि जाते. तुलनेसाठी यापेक्षा चांगली रचना शोधून मिळणार नाही. सुरुवातीलाच काय मोजायचं ते ठरवलं असतं तर बंदीने काय साधलं आणि काय नाही, यावर आज ठाम बोलता आलं असतं. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचंही यात नुकसान झालं.

हिशेबनीस_सातारा

जून २०२५ च्या निर्णयाचं गणित दुकानहिशेब यांच्या पद्धतीने मांडतो.

१८० मिलीला किमान किरकोळ दर : देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर (एमएमएल) १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेले धरले तर १८० मिलीत ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे स्कॉटिश मापात ७.७ युनिट. मग एका युनिटला देशीत साधारण १० रुपये ४० पैसे, एमएमएलमध्ये १९ रुपये २० पैसे, विदेशीत २६ रुपये ६० पैसे, प्रीमियममध्ये सुमारे ४७ रुपये.

चारही बाटल्यांत अल्कोहोल तेवढंच. यकृतावर परिणामही तेवढाच. दर मात्र वर्गाप्रमाणे. सगळ्यात जास्त नुकसान जिथे होतं तिथे तळ सगळ्यात खाली, म्हणजे स्कॉटलंडच्या बरोबर उलट रचना. आणि निर्णयामागचं जाहीर कारण महसूल होतं, वर्षाला १४,००० कोटींची भर. तेव्हा विधिमंडळाच्या समितीने पहिला प्रश्न हाच विचारावा : हा दर आरोग्यासाठी ठरवला की तिजोरीसाठी? दोन्हींसाठी असेल तर कुठे काय धरलं?

अजून एक. देशीचं शुल्क प्रूफ लिटरला (५७.१ टक्के अल्कोहोल असलेल्या एका लिटरला) १८० वरून २०५ रुपये झालं. १८० मिलीची २५ अंडरप्रूफ (म्हणजे प्रूफच्या ७५ टक्के कडक) बाटली म्हणजे ०.१३५ प्रूफ लिटर. शुल्क २४ रुपये ३० पैशांवरून २७ रुपये ६८ पैसे, बाटलीमागे साडेतीन रुपयांचीही वाढ नाही. एवढ्याने कुणी एक घोट कमी घेईल असं वाटत नाही.

गोदाकाठ

@हिशेबनीस, पण देशीचा तळ युनिटला २६ रुपयांवर नेलात तर लोक हातभट्टीकडे जातील. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली, मिथेनॉलने. स्कॉटलंडमध्ये हातभट्टीचा धंदा नाही, म्हणून त्यांचा पुरावा इथे जसाच्या तसा आणता येत नाही.

हिशेबनीस_सातारा

मान्य, आणि म्हणूनच एकदम २६ न करता टप्प्याटप्प्याने न्यावं आणि प्रत्येक टप्प्याला मोजावं. मोजायचं काय ते महत्त्वाचं. उत्पादन शुल्क खातं ‘इतके लिटर रसायन नष्ट, इतके गुन्हे दाखल’ असे आकडे देतं. ते आकडे पोलिसी हालचाल सांगतात, हातभट्टीचा खप सांगत नाहीत. मोहीम काढली की गुन्हे वाढतात, माणसं बदल्यांवर गेली की कमी होतात. त्यापेक्षा मिथेनॉल विषबाधेच्या रुग्णालयीन नोंदी, आणि काळ्या गुळाची नि नवसागराची (हातभट्टीचा कच्चा माल) तालुकावार विक्री जवळची ठरेल.

सांख्यिक

नोंदींबद्दल पुस्ती. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक मृत्यूचं वैद्यकीय कारण नोंदलं जातं. भारतात २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंनाच वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. मृत्यूंच्या आकड्यांवर तपासणी उभी करता येणार नाही. आपल्याकडे जे नीट मोजलेलं आहे ते म्हणजे गोदामातून निघालेला माल. तो बल्क लिटरमध्ये (पाणी धरून एकूण द्रवाच्या लिटरमध्ये) न मागता शुद्ध अल्कोहोलमध्ये मागावा : प्रूफ लिटर गुणिले ०.५७१. बल्क लिटरमध्ये बिअर फुगून दिसते आणि देशी लपते. जिल्हावार, महिनावार, किमान पाच वर्षं मागचा. सोबत जिल्हा रुग्णालयांतल्या यकृताच्या आजाराच्या भरती. एवढं मिळालं तरी समितीचं काम सुरू होतं.

रानजाई

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. स्कॉटलंडने ५ डिसेंबर २०१४ ला गाडी चालवण्याची रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली. नंतरच्या अभ्यासात अपघात कमी झालेले दिसले नाहीत. संशोधकांनी दिलेलं एक संभाव्य कारण म्हणजे रस्त्यावर श्वासचाचण्या पुरेशा झाल्याच नाहीत. आपली मर्यादा तर ३० आहे, त्यांच्याहून कडक. समितीने मर्यादा किती हे विचारण्याआधी महिन्याला किती चाचण्या, कोणत्या वेळी, किती यंत्रं चालू स्थितीत, हे विचारायला हवं.

सुगंधा_मावशी

गावपातळीवरची तपासणी विसरू नका. आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर महिलांचं मतदान : आडवी बाटली बंदला, उभी चालू ठेवायला. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करता येते, आणि दुकान बंद व्हायला एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण यादीच्या. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली, मयत झालेल्या बाया, ऊसतोडीला गेलेल्या, सगळ्या मोजल्या जातात आणि त्या प्रत्येकीचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखं होतं. सह्या गोळा करण्याआधी यादी दुरुस्त करून घ्या, आणि ऊसतोडीच्या हंगामात मतदान लागणार नाही असं बघा. विधिमंडळाच्या समितीने तपासायचंच असेल तर किती मागण्या आल्या, किती सह्यांच्या पडताळणीत बाद झाल्या, किती मतदानं झाली आणि किती दुकानं बंद झाली ही चार रकान्यांची यादी जिल्हावार मागवावी. सह्यांच्या पडताळणीत सगळ्यात जास्त गळती होते.

निवांत_पारवा

सुगंधा मावशी, तुमचा प्रतिसाद महिला बचत गटांच्या ग्रुपवर टाकतेय.

मोजपट्टी

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. समितीपुढे लेखी निवेदन द्यायचं झालं तर मी एवढं कलम मागेन :

‘किमान किरकोळ दर बाटलीतल्या शुद्ध अल्कोहोलच्या प्रमाणात ठरवले जातील. दर लागू झाल्यापासून तीन वर्षांनी त्यांच्या परिणामांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जाईल. चार वर्षं पूर्ण होताच दर संपुष्टात येतील, दोन्ही सभागृहांनी ठरावाने ते चालू ठेवले नाहीत तर.’

भोरचा_वकील

तीन सुधारणा. ‘परिणामांचा अहवाल’ एवढं मोघम ठेवलंत तर खातं महसुलाचा तक्ता जोडून मोकळं होईल. अहवालात काय असावं ते कलमात लिहा : शुद्ध अल्कोहोलचा खप, यकृताच्या आजाराच्या भरती, मिथेनॉल विषबाधा, आडव्या बाटलीच्या मागण्या. ठराव मुदतीच्या किमान सहा महिने आधी मांडला जावा, एडिनबराची धावपळ नको. आणि दर महागाईनुसार दरवर्षी आपोआप वाढतील असंही घाला. स्कॉटलंडमध्ये ते नव्हतं, म्हणून ५० पेन्स वर्षागणिक स्वस्त होत गेले आणि २०२४ मधले ६५ पेन्स बरेचसे महागाई भरून काढण्यातच गेले.

निवेदन देताना एक पाळा. समितीला दिलेला कागद समितीच्या दप्तराचा भाग होतो. अहवाल पटलावर येण्याआधी तो वर्तमानपत्राला दिला तर विशेषाधिकाराचा प्रश्न येऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये समितीकडे आलेली मतं समिती स्वतःच संकेतस्थळावर टाकते, इथे तसं धरून चालू नका.

सांख्यिक

त्यात अजून एक ओळ : मोजणी दर लागू होण्याच्या किमान एक वर्ष आधी सुरू व्हावी, आणि तुलनेसाठी सीमेपलीकडचे जिल्हे आधीच नावानिशी ठरवावेत. कोल्हापूरला बेळगाव, नांदेडला निजामाबाद, गोंदियाला बालाघाट. त्या राज्यांचे शुल्काचे आणि खपाचे आकडे मागवायचे तर पत्रव्यवहारालाच सहा महिने जातात, तो आत्ताच सुरू करायला हवा.

हिशेबनीस_सातारा

शुद्ध अल्कोहोलचा तक्ता मी एक्सेलमध्ये करून ठेवतो : प्रूफ लिटर, बल्क लिटर, छापील टक्के, युनिट, युनिटमागे रुपये. ज्यांच्याकडे आपल्या जिल्ह्याचे मासिक आकडे माहितीच्या अधिकारात मिळालेले असतील त्यांनी या धाग्यावर सांगा, रकाने जुळवून देतो. अर्जात ‘बल्क लिटर आणि तीव्रता, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर एकच बेरीज हातात येते आणि तिच्यातून काही काढता येत नाही.